पहिले शील आणि जीव वाचविण्याचा हक्क

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एका वयस्क उपासिकेने प्रश्न केला. "गुरुजी, जीव घेणार नाही म्हणून शील घेतलंय आपण. पण रात्री कुणी दार फोडून आत शिरला अन् माझ्या हाती कोयता असला, तर मी शील सांभाळू का सून सांभाळू?" काही तरुण हसले. परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्यांनी अशा रात्री काढल्या आहेत, त्यांनाच तो सुचतो.

प्रथम धम्माची बाजू पाहू. प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याची शिकवण आपण स्वतः होऊन ग्रहण करतो. ती कोणा देवाची आज्ञा नव्हे. परमपूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तत्त्व आणि नियम यांतील भेद उलगडून दाखविला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याच्या विवेकाला वाव देते. अहिंसा हे तत्त्व होय. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची निकड वेगळी, असे बाबासाहेब तेथे सांगतात. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात तर त्यांनी वैशालीच्या सिंह सेनापतीचा संवाद देऊन, न्यायासाठी गरज पडल्यास बळाचा वापर तथागतांनी निषिद्ध मानला नव्हता, असे दाखविले आहे.

विनयपिटकातील एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. एका भिक्खूने रागाने दुसऱ्यास मारले तर तो दोष आहे; पण कोणी छळीत असता केवळ सुटका करून घेण्यासाठी फटका मारला, तर दोष नाही. कृती एकच, हेतू निराळा. मात्र येथे स्वतःची फसवणूक करू नये. ही मुभा फटक्याला आहे, जीव घेण्याला नव्हे. मारण्याच्याच इराद्याने घाव घातला, तर 'स्वसंरक्षण' म्हटल्याने शील शाबूत राहत नाही. मन सुनेला वाचविण्यावर असले पाहिजे, समोरच्याला संपविण्यावर नव्हे.

आता कायदा. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलमे ९६ ते १०६ या हक्काची होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली असून तीत हाच हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आला आहे. हा हक्क केवळ स्वतःच्या शरीरापुरता नाही. सून, शेजारी, रस्त्यावरचा अनोळखी मनुष्य, कोणाच्याही शरीराच्या रक्षणासाठी तो आहे. हल्लेखोराचा मृत्यू घडण्यापर्यंत हा हक्क केव्हा जातो, ते कलम ३८ सांगते: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल, बलात्काराच्या किंवा अनैसर्गिक अत्याचाराच्या इराद्याने हल्ला असेल, पळवून नेण्याचा प्रयत्न असेल, सरकारी मदत मिळूच नये अशा रीतीने कोंडून ठेवण्यासाठी हल्ला असेल, अथवा ॲसिड फेकले जात असेल. मालमत्तेबाबत कलम ४१ आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे हे प्रकार त्यात येतात. शेतातली कणसे चोरणारा पोर त्यात येत नाही, हे आमच्या तरुणांनी विशेष ध्यानात ठेवावे.

हक्क सुरू होण्यासाठी पहिला घाव अंगावर झेलावा लागत नाही. धमकीने वा प्रयत्नाने वाजवी भीती निर्माण होताच तो सुरू होतो, आणि भीती संपताच संपतो. मुलांना मी हे असे समजावतो. चोर कुऱ्हाड उगारून आला, तुम्ही काठी हाणली, तो पडला, कुऱ्हाड लांब जाऊन पडली. इथवर कायदा तुमच्या बाजूचा आहे. पडलेल्याच्या डोक्यात घातलेली दुसरी काठी मात्र सूडाची. पळणाऱ्याच्या पाठीत घातलेला घावही तसाच. दुसऱ्या दिवशी माणसे जमवून त्याच्या घरावर जाणे हा तर सरळ गुन्हाच. हक्क बजावताना सद्भावनेने, पूर्वतयारी नसता व जादा इजा करण्याचा इरादा नसता मर्यादा ओलांडली गेली, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. शिक्षा तरीही आहेच.

पोलिसांकडे जाण्यास वेळ असेल तर हा हक्क नाही. म्हणून काहींना वाटते की, आधी पळालेच पाहिजे. तसे नाही. हक्क असलेल्याने आक्रमकापुढून पळावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच स्पष्ट केले. जिवाच्या भीतीने थरथरणाऱ्याने सोनाराच्या काट्यावर तोलून घाव घालावा, असेही न्यायालये म्हणत नाहीत. पंजाबातील एका शेतजमिनीच्या भांडणात बापावर शस्त्राने हल्ला झाला तेव्हा मुलाने बंदूक चालविली आणि हल्लेखोर मेला. उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरले होते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले.

घटना घडल्यावर लपून राहू नये. तत्काळ ठाण्यात खबर द्यावी, आपल्या जखमा सरकारी डॉक्टरला दाखवून नोंदवून घ्याव्यात, मोडलेले दार तसेच ठेवावे. बचावाची गोष्ट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. परंतु ती संशयातीत सिद्ध करावी लागत नाही. तसे घडले असण्याचा संभव अधिक आहे, एवढे दाखविले तरी पुरते.

एवढे सांगून झाल्यावर त्या उपासिका म्हणाल्या, "बरं झालं. पण माझ्या दाराची कडीच निखळलीय." पुढच्या रविवारी वंदनेपूर्वी दोघा तरुणांनी जाऊन ती बसवून देण्याचे ठरले आहे.