अंबाल्याची उड्डाणशाळा

चंदीगडहून दक्षिणेकडे सुमारे ४५ किलोमीटरांवर अंबाला छावणी लागते. येथील विमानतळ भारतीय हवाई दलाच्या प्रमुख लढाऊ तळांपैकी एक म्हणून सर्वपरिचित आहे. जग्वार विमाने १९७९ साली प्रथम येथेच आली आणि राफेल विमानांचा हवाई दलातील समावेशही २०२० साली येथेच झाला. परंतु हा तळ एके काळी वैमानिक घडविणारी शाळा होता, याची आठवण आता फारशी उरलेली नाही.

पहिले महायुद्ध संपताच, १९१९ साली, ब्रिटिश हवाई दलाची पथके अंबाल्यास येऊन राहिली. स्थळाची निवड सहेतुक होती. सभोवती सपाट शेतजमीन असल्यामुळे इंजिन बंद पडलेले विमान कोठेही उतरविता येई. शिवाय अशांत वायव्य सरहद्द पुरेशी दूर होती. ऑक्टोबर १९३२ मध्ये भारतीय हवाई दलाची स्थापना झाली खरी, पण दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यात केवळ १६ अधिकारी होते. एवढ्या तुटपुंज्या बळातून लढाऊ पथके उभी करावयाची, तर शिक्षणाची शिस्तबद्ध साखळी आवश्यक होती. नवशिका प्रथम लाहोरजवळील वॉल्टन येथे सैनिकी शिस्त व सिद्धांत शिके. बेगमपेठ किंवा जोधपूर येथे टायगर मॉथ या हलक्या विमानावर हात बसवी. आणि नंतर अंबाल्यास येई.

अंबाल्यात त्याची खरी परीक्षा होई. येथील हार्वर्ड विमानाला सहाशे अश्वशक्तीचे इंजिन आणि उड्डाणानंतर आत ओढून घेण्याची चाके होती. पुढील आसनावर शिष्य आणि मागील आसनावर गुरू बसे. हे विमान हवेत मोठे गुणी, परंतु जमिनीवर लहरी. त्याचे तिसरे चाक शेपटीखाली असल्याने उतरताना दिशा किंचित चुकली, तरी ते स्वतःभोवती गरकन फिरे आणि त्याचा पंख जमिनीवर घासला जाई. एकट्याने उड्डाण करण्यापूर्वी शिष्याच्या पायांना हा धडा पक्का ठाऊक असावा लागे. कारण येथे तोल सांभाळतात ते हात नव्हेत, पाय. पुढे डोळ्यांसमोर पडदा ओढून केवळ उपकरणांच्या आधारे उडणे, रात्रीचे उड्डाण, पंखाला पंख लावून संचलन, आणि अखेर गोळीबार. पंजाबातील हिवाळी धुके आणि उन्हाळ्यातील धुळीची वादळे हेही येथील शिक्षकच म्हणावेत.

१९४७ साली देश विभागला गेला, तशी ही शाळाही. तेथे त्या वेळी मुख्य उड्डाण-शिक्षक होते असगर खान. ते पाकिस्तानात गेले आणि रिसालपूर येथील उड्डाणशाळेची सूत्रे त्यांनी हाती घेतली. इकडे, १५ ऑगस्ट रोजी दिल्लीवरील विमानांच्या संचलनाचे नेतृत्व केलेले अर्जन सिंग अंबाला तळाचे प्रमुख झाले. एकाच परंपरेत वाढलेल्या वैमानिकांच्या दोन शाखा झाल्या.

शाळा सावरते न सावरते तोच युद्ध दारी आले. टोळीवाले काश्मीर खोऱ्यात शिरले आणि २७ ऑक्टोबरपासून डाकोटा विमानांनी श्रीनगरला सैन्य पोहोचविण्यास प्रारंभ झाला. त्या सैन्याला हवेतून आधार देणारी विमाने तातडीने हवी होती. ती आली अंबाल्याच्या प्रगत उड्डाणशाळेतून. ज्या स्पिटफायर विमानांवर विद्यार्थी धडे गिरवीत, ती ३० ऑक्टोबरपर्यंत श्रीनगरला पोहोचली आणि पट्टणच्या पलीकडील टोळ्यांवर मारा करू लागली. टेंपेस्ट विमानांनी शालटेंगच्या लढाईत, ७ नोव्हेंबरला, जी कामगिरी केली तिचाच गौरव अधिक होतो. परंतु प्रारंभीच्या त्या दिवसांत शाळेची विमाने आघाडीवर होती, ही गोष्ट विसरता कामा नये.

याच घटनेत शाळेचा शेवटही दडलेला होता, असे मला वाटते. नवी सीमा अंबाल्यापासून सुमारे २२० किलोमीटरांवर आली होती. पूर्वीचे सुरक्षित पिछाडीचे ठिकाण आता आघाडीचे ठाणे झाले. जेथे लढाऊ विमाने सदैव सज्ज ठेवावयाची, तेथे चाचपडत उतरणाऱ्या नवशिक्यांना धावपट्टी मोकळी कशी मिळणार? उड्डाण-शिक्षकांना शिकविणारी संस्था १९५४ साली मद्रासजवळील तांबरम येथे गेली. प्रगत शिक्षणाचे कामही क्रमाने दक्षिणेकडे सरकले. मराठी वाचकांना जवळच्या असलेल्या बीदरला १९६३ साली प्राथमिक उड्डाणाचे शिक्षण सुरू झाले, तर हैदराबादजवळील दुंडिगल येथे १९६७ साली हवाई दल अकादमीची कोनशिला बसविण्यात आली. प्राथमिक शिक्षणासाठी टायगर मॉथच्या जागी आलेले एच. टी. २ हे विमान मराठी अभियंता वि. मा. घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली बंगलोर येथे तयार झाले होते.

एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात चकमकी सुरू झाल्या, तेव्हा असगर खान पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख होते आणि अर्जन सिंग भारतीय हवाई दलाचे. असगर खान यांनी दूरध्वनीवरून अर्जन सिंग यांच्याशी संपर्क साधला आणि दोन्ही हवाई दलांनी या संघर्षापासून अलिप्त राहावे, असे सुचविले. तसेच घडले. जुलैमध्ये असगर खान निवृत्त झाले. सप्टेंबरात युद्ध पेटले, पाकिस्तानी बाँबफेकी विमाने अंबाल्यावर आली आणि त्यांच्या बाँबने छावणीतील सेंट पॉल चर्च उद्ध्वस्त झाले.