बोर्डावर लावलं होतं म्हणे!

पहिल्या सेमिस्टरला माझा एक विषय राहिला, तो इंटर्नलमध्ये. लेखीत चांगले गुण आहेत. पण हा फरक लोकांना कोण समजावणार? 'पोरगं नापास झालं' एवढंच आमच्या जळोची गावभर झालं.

आमच्या कॉलेजात हिशेब असा असतो. 4 क्रेडिटचा विषय 100 गुणांचा. त्यातले 30 इंटर्नलचे, 70 लेखीचे, आणि दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं. हे वर्गात कुणी सांगितलं नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या कार्यक्रमात भाषणं मात्र तासभर झाली.

इंटर्नलची तारीख मला कळलीच नाही, म्हणून ते हुकलं. विचारायला गेलो तर सर मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "तारीख बोर्डावर लावली होती."

"सर, ग्रुपवर तुम्ही 'नंतर कळवतो' असं टाकलं होतं," म्हणत मी मेसेज दाखवला. त्यांनी तो नीट वाचला. मग म्हणाले, "कॉलेजात आलायस आता, शाळेत नाहीस."

तेव्हा लख्ख कळलं. चूक कुणाची ते त्यांनाही समजलं होतं, तरी ती माझ्याच नावावर राहणार होती. ऑफिसात म्हणाले, "सरांची सही आणा." सर म्हणाले, "मार्क वर पाठवून झाले." मी पहाटे उपबाजारात गाळ्यावर माल उतरवून, हिशेबाच्या पट्ट्या लिहून लेक्चरला हजर असायचो. मागच्या बाकावर रील बघणारे पास झाले, कारण त्यांच्यातला एक रोज त्या बोर्डापुढून जायचा!

आता नवीन पोरापोरींसाठी.

पहिल्याच आठवड्यात प्रत्येक विषयाचा सिलॅबस उतरवून घ्या आणि इंटर्नल कशाचं, किती गुणांचं, कधी, हे सरांकडून ग्रुपवर लिहून घ्या. तोंडी उत्तराला नंतर साक्षीदार मिळत नाही. सबमिशन दिलं की पहिल्या पानाचा फोटो काढा, तारखेसह.

क्रेडिट म्हणजे नुसते गुण नाहीत, तास आहेत. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटला अभ्यासाचे 30 तास धरलेत. सेमिस्टरला 20 क्रेडिट म्हणजे 600 तास. 15 आठवड्यांत वाटले तर आठवड्याला 40. थिअरी असेल तर त्यातले निम्मेच वर्गात होतात, उरलेले घरी. कामाला जाणाऱ्यांनी हा हिशेब आधी मालकापुढे मांडावा. सबमिशनच्या आठवड्याची सुट्टी महिनाभर आधीच मागून ठेवावी, ऐनवेळी कुणी देत नाही.

बाकी झोप पुरेशी घ्या, रोज थोडं वाचा, हे सगळेच सांगतात.

बोर्डाचा फोटो मात्र दर सोमवारी काढा. आणि सर 'नंतर कळवतो' म्हणाले, तर तिथल्या तिथे विचारा, "कधी, सर?" उद्धट म्हणतील. म्हणू द्या. मार्कशीटवर उद्धटपणाचा रकाना नसतो.