रिबनच्या झेंडूंचं तोरण: दारासाठी नऊ फुलं, भेटीसाठी एक

टेबल रिकामं करा, खिडकीजवळ उजेडात बसा आणि सुईत दोरा ओवायची तयारी ठेवा. आज आपण सॅटिन रिबनची झेंडूची फुलं आणि आंब्याची पानं करून दाराला तोरण लावणार आहोत. शिवणकाम येत नसलं तरी हरकत नाही. साधा धावदोरा घालता आला की बस्स. पायऱ्यांचा क्रम मात्र मोडू नका, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीची सोय करून ठेवते.

सगळी कामं एका बैठकीत उरकायची घाई नको. एका दिवशी फुलं, दुसऱ्या दिवशी पानं आणि तिसऱ्या दिवशी जोडणी, असं केलंत तर हातही दुखणार नाहीत आणि टाकेही नीट पडतील.

आधी सामान जमवा

शिवणसामानाच्या दुकानात हे सगळं मिळतं. पुण्यात रविवार पेठेत किंवा मुंबईत भुलेश्वरला गेलात तर रंगांची निवडही भरपूर.

- केशरी सॅटिन रिबन, १ इंच रुंद: ६ मीटर
- पिवळी सॅटिन रिबन, १ इंच रुंद: ४ मीटर
- गडद हिरवी सॅटिन रिबन, २ इंच रुंद: अडीच मीटर
- सोनेरी रिबन, अर्धा इंच रुंद: २ मीटर (भेटीच्या खोक्यासाठी)
- पिशवीच्या बंदांना लावतात ती जाड पट्टी, १ इंच रुंद, हिरवी किंवा लाल: सव्वा मीटर
- फेल्ट कापडाचा तळहाताहून मोठा तुकडा
- पॉलिस्टरचा मजबूत दोरा: केशरी, पिवळा, हिरवा
- सुई, टाचण्या, धारदार कात्री, मोजायचा टेप, शिंप्याचा खडू
- मेणबत्ती, काडेपेटी, वाटीभर पाणी, पारदर्शक नेलपॉलिश

रिबन शक्यतो दोन्ही बाजूंनी चकाकणारी घ्या. एकाच बाजूने चकाकणारी मिळाली तरी चालेल, फक्त चकाकती बाजू कुठे ठेवायची ते पुढे सांगते तिथे लक्ष द्या.

माप आणि कापणी

१. दाराच्या चौकटीवर डाव्या खिळ्यापासून उजव्या खिळ्यापर्यंत टेपने मोजा. इथली सगळी मापं ३६ इंचांच्या दाराची आहेत. दार मोठं असेल तर दर ४ इंचांना एक फूल, एक मीटर रिबन आणि दोन पानं वाढवा. लहान असेल तर त्याच हिशेबाने कमी करा.

२. केशरी रिबनचे एकेक मीटरचे ६ तुकडे कापा.

३. पिवळ्या रिबनचे एकेक मीटरचे ४ तुकडे कापा.

४. हिरव्या रिबनचे ५ इंचांचे १८ तुकडे कापा. पहिला तुकडा मापाला ठेवून बाकीचे कापलेत तर सगळी पानं सारखी होतील. प्रत्येक वेळी आधीच्या तुकड्यावरून माप घेत गेलात तर लांबी हळूहळू सरकत जाते.

५. फेल्टवर साधारण ४ सेंटीमीटर व्यासाचं झाकण ठेवून १० गोल आखा.

६. ते गोल कापून बाजूला ठेवा.

टोकं पक्की करा

७. पंखा बंद करा, केस आणि ओढणी बांधून घ्या, पाण्याची वाटी हाताशी ठेवा. हे काम मोठ्यांनीच करायचं, मुलांना फुलं उघडायला पुढे बोलवू.

८. मेणबत्ती पेटवून जड ताटलीत घट्ट बसवा.

९. रिबनचं कापलेलं टोक ज्योतीच्या खालच्या निळसर भागाजवळ, बाजूने, क्षणभर न्या. धागे वितळून बारीक कड तयार होते. टोक ज्योतीच्या वर धरलंत तर काजळी बसते, आणि पिवळ्या रिबनवरची काजळी काही केल्या जात नाही.

१०. अशीच सगळ्या तुकड्यांची दोन्ही टोकं पक्की करा. वितळलेली कड लगेच बोटाने चेपू नका, चटका बसतो. टोक वितळायच्या ऐवजी जळून राख होत असेल तर रिबन पॉलिस्टरची नाही. तिच्या टोकांना नेलपॉलिश लावून वाळू द्या.

११. मेणबत्ती विझवा. आता पुढचं सगळं काम सुईचं.

झेंडूचं फूल

१२. सुईत दीड मीटर दोरा ओवून दुहेरी करा आणि शेवटी जाड गाठ मारा. दोरा रिबनच्याच रंगाचा घ्या. एकेरी दोरा चुण्या ओढताना तुटतो.

१३. रिबनच्या एका टोकाला, खालच्या काठाशी, एकाच जागी दोन टाके घाला. असं केलं की गाठ कापडातून निसटत नाही.

१४. तिथून निघून त्याच काठाने धावदोरा घालत चला. टाके अर्ध्या सेंटीमीटरचे आणि काठापासून दोन-तीन मिलिमीटर आत असू द्या. अगदी काठावर टाका पडला तर ओढताना रिबन उसवते.

१५. वीतभर शिवून झालं की रिबन दोऱ्यावर मागे सरकवा, मग पुढे शिवा. सगळं शिवून झाल्यावर एकदम ओढायला गेलात तर दोरा पुरणार नाही.

१६. शेवटापर्यंत पोचलात की एका मीटरची रिबन ३० सेंटीमीटर होईपर्यंत चुण्या ओढा.

१७. चुण्या बोटांनी सारख्या पसरा. एकीकडे दाट आणि दुसरीकडे विरळ राहिल्या तर फूल एका बाजूला कलतं.

१८. सुई आहे त्या टोकाला दोन टाके घालून चुण्या जागच्या जागी बांधा. दोरा तोडू नका, तो अजून लागणार आहे.

१९. सुई असलेल्याच टोकापासून रिबन गुंडाळायला लागा. चुण्यांचा काठ खाली, मोकळा काठ वर. एकाच बाजूने चकाकणारी रिबन असेल तर चकाकती बाजू आतल्या अंगाला ठेवा, म्हणजे पाकळ्या उघडल्यावर तीच दिसेल.

२०. पहिले दोन वेढे घट्ट झाले की तळातून सुई आरपार घालून तीन टाके घ्या.

२१. पुढचे वेढे जरा सैल देत जा आणि प्रत्येक वेढ्यानंतर तळात दोन टाके घाला. तळ सगळीकडे एका पातळीत ठेवा. वेढे खाली-वर सरकले तर फुलाला शेपूट फुटते.

२२. शेवटचं टोक फुलाच्या तळाखाली वळवून शिवून टाका.

२३. फेल्टचा गोल तळाला लावून कडेने गोल शिवा.

२४. दोरा पक्का करून कापा. फूल जेमतेम दोन-अडीच इंच रुंद होईल.

२५. आता बाहेरच्या वेढ्यापासून आत येत पाकळ्या बोटांनी उघडा. हे काम मुलांना आवडतं, त्यांच्या हातात द्या.

२६. पायरी १२ ते २५ परत करत ६ केशरी आणि ४ पिवळी फुलं पूर्ण करा. पहिल्या फुलाला वेळ लागला तर नाराज होऊ नका, तिसऱ्या फुलापासून हात आपोआप चालतो.

आंब्याचं पान

२७. हिरवा तुकडा लांबीत मधोमध दुमडा, चकाकती बाजू आत.

२८. दुमड नखाने दाबून उलगडा. पानाची मधली शीर तयार झाली.

२९. तुकडा पालथा ठेवा आणि एका टोकाचे दोन्ही कोपरे शिरेपर्यंत दुमडा. पुढून पाहिलंत तर पानाला टोक आलेलं दिसेल.

३०. मागे जुळलेल्या कडा चार बारीक टाक्यांनी जोडा. सुई फक्त मागच्या थरातून जाऊ द्या, नाहीतर पुढे टाके दिसतात.

३१. दुसऱ्या टोकाला तीन-चार चुण्या घेऊन चिमटीत धरा.

३२. त्या चुण्यांवर दोरा दोनदा गुंडाळून शिवून टाका. हा झाला देठ.

३३. याच पद्धतीने १८ पानं पूर्ण करा.

तोरणाची जोडणी

३४. जाड पट्टी ४० इंच कापा. दाराचं माप अधिक ४ इंच, हा हिशेब.

३५. प्रत्येक टोकाची कड अर्धा सेंटीमीटर आत मुडपा.

३६. दोन्ही टोकं मुडप धरून २ इंच मागे दुमडून मुडपलेल्या कडेवर आडवं शिवा. दुमडीजवळचा इंचभर भाग मोकळा सोडा, तोच खिळ्यात अडकणारा फास. पट्टी आता बरोबर ३६ इंचांची झाली पाहिजे. मोजून पाहा.

३७. पट्टीच्या पुढच्या बाजूला डावीकडून २ इंचांवर खडूने पहिली खूण करा आणि मग दर ४ इंचांवर एकेक. शेवटची खूण ३४ इंचांवर येते, एकूण नऊ.

३८. पट्टीच्या मागच्या बाजूला ४, ८, १२ असं करत ३२ इंचांपर्यंत आठ खुणा करा.

३९. मागच्या प्रत्येक खुणेवर दोन पानं टाचणीने लावा. देठ पट्टीच्या मागे एक सेंटीमीटर वर, टोकं खाली लोंबती, चकाकती बाजू पुढे. फुलांच्या आधी पानं लावायची, उलट केलंत तर फुलं हाताखाली चेपतात.

४०. पट्टी उचलून पुढून पाहा. एखादं पान वर-खाली असेल तर आत्ताच सरळ करा, शिवल्यावर उसवावं लागेल.

४१. देठ पट्टीला पाच-सहा टाक्यांनी शिवा आणि टाचण्या काढा. टाचण्या मोजून परत डबीत ठेवा, राहिलेली टाचणी हाताला लागते.

४२. पुढच्या खुणांवर फुलं मांडा: केशरी, पिवळं, केशरी, पिवळं. दोन्ही टोकांना केशरी आलं म्हणजे क्रम बरोबर.

४३. प्रत्येक फुलाचं फेल्ट पट्टीला चारही बाजूंनी शिवा. ग्लू गनचा मोह इथे टाळा. दारावर ऊन पडलं की तो गोंद मऊ होतो आणि फूल सुटून येतं.

४४. फास खिळ्यांत अडकवून तोरण लावा. दार एकदा पूर्ण उघडून, मिटून पाहा. पानं फटीत अडकत असतील तर खिळे थोडे वर घ्या.

उरलेलं फूल भेटीच्या खोक्यावर

एक केशरी फूल आणि दोन पानं उरली आहेत. साधारण ८ इंच चौरस आणि ३ इंच उंच खोकं कागदात गुंडाळून ठेवा.

४५. दोन्ही पानांचे देठ फुलामागच्या फेल्टला शिवा, टोकं वेगवेगळ्या दिशांना.

४६. सोनेरी रिबनचा मध्य खोक्याच्या वरच्या मध्यावर ठेवा.

४७. दोन्ही टोकं खाली नेऊन तळाशी एकमेकांत अडकवा आणि उरलेल्या दोन बाजूंनी वर आणा. रिबन वळत असेल तर तिथेच थांबून सरळ करा.

४८. वरच्या रिबनखालून टोकं घेऊन घट्ट गाठ मारा.

४९. गाठीवर साधा बो बांधा.

५०. बोच्या गाठीला फूल चार-पाच टाक्यांनी शिवा. सुई रिबनमधूनच जाऊ द्या, कागदाला टोचली तर तो फाटतो.

५१. रिबनची टोकं तिरकी कापा.

५२. कापलेल्या कडांना नेलपॉलिश लावून वाळू द्या. कागदी खोक्याजवळ मेणबत्ती अजिबात आणू नका.

तोरणाची निगा

५३. धूळ बसली की कोरड्या मऊ ब्रशने झटका.

५४. मळलं तर गार पाण्यात थोडा साबण घालून बुचकळा आणि सावलीत टांगून वाळवा. पिळू नका, चुण्या मोडतात.

५५. सण झाला की तोरण उतरवून, साध्या कोऱ्या कागदात सैल गुंडाळून खोक्यात ठेवा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई पिवळ्या फुलांना लागते. वरती जड वस्तू ठेवली नाहीत तर पुढच्या पाडव्याला फक्त पाकळ्या बोटांनी उघडायच्या आणि तोरण थेट दारावर लावायचं.