तळ्यांतील माशांचा शेजार

दुसरबीडच्या बाजूस शेततळीं झालीं, तशी त्यांत मासे पाळण्याची हौसही वाढली. परंतु कोणाच्या शेजारीं कोण नांदेल, हा विचार पुष्कळ शेतकरी बंधू करीत नाहींत. सयाम देशचा लढाऊ मासा स्वजातीचा दुसरा नर जवळ टिकूं देत नाहीं. तळाशीं वावरणाऱ्या शांत माशाशीं मात्र त्याचें बहुधा जमतें. शेततळ्यांतही हेंच पाहावें. कटला वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशीं; म्हणून एकाचा घास दुसरा फारसा हिरावीत नाहीं. हेक्टरी ५,००० बोटुकली धरिली, तर दहा गुंठे पाण्यास २०० कटला, १५० रोहू व १५० मृगळ पुरे. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यांत गाळ नसल्यानें मृगळास चारा थोडा. तेथें तो कमी सोडावा.

मरळ मात्र कदापि नको. आम्ही एके श्रावणांत बोटुकली सोडली, आणि नाल्यांत सांपडलेल्या दहा मरळीही कौतुकानें तींतच टाकिल्या. दप्तरांत गुंठाभर चूक न होऊं देणारे आम्ही, येथें वजाबाकीच विसरलों. उन्हाळ्यांत जाळें ओढलें, तों मरळी दहाही तुकतुकीत. बाकीचे मोजून सतरा.