घटती जमीन आणि ग्रामीण युवक

ग्रामीण युवकांच्या बेकारीचा विचार करताना प्रथम जमिनीचा विचार करावा लागतो. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी वहिती धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. ज्या शेतावर आजोबांचे कुटुंब जगले, त्याचे वाटे पडून नातवाच्या हाती एक तुकडा उरला आहे. राज्यातील बहुतांश शेती पावसावर अवलंबून असल्याने खरिपानंतर अनेक घरांतील तरुणांना काम राहत नाही. त्यांची बेकारी ही आळसाची खूण नव्हे, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

शिक्षण आणि नोकरी

शिक्षण खेड्यापर्यंत पोहोचले. उद्योग मात्र मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यातच एकवटले. त्यामुळे पदवीधर तरुण स्पर्धा परीक्षांकडे वळतो. पदे थोडी आणि उमेदवार अनेक, अशा स्थितीत उमेदीची वर्षे अभ्यासिकेत सरतात. घरचा खर्च कर्जावर चालतो आणि अपयश आल्यास गावी परतण्याचा संकोच वाटतो.

सामाजिक बाजू

२००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये ८९४ राहिल्या. तीच पिढी आज विवाहयोग्य वयात येत आहे. शेती करणाऱ्या मुलाचे लग्न जमणे कठीण झाले आहे, त्यामागे उत्पन्नाच्या अनिश्चिततेबरोबर हेही एक कारण आहे. तथापि मुलींची संख्या घटल्याने त्यांची स्थिती सुधारली असे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे आढळले. लवकर विवाह झाला की मुलीचे शिक्षण आणि स्वतंत्र कमाईची संधी बहुधा तेथेच थांबते.

गावाचे कर्तव्य

जमीन वाढविता येत नाही. तिच्यातील मालाचे मोल मात्र वाढविता येते. २००२ मधील कायदेबदलानंतर शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी स्थापन करता येते. मालाची प्रतवारी, साठवण व प्रक्रिया ही कामे गावच्या शिकलेल्या मुलामुलींना देता येतील. शिक्षकांनी दहावीनंतरच औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याची माहिती द्यावी, तसेच परीक्षार्थींना दुसरी वाट खुली ठेवण्यास सांगावे. ग्रामपंचायतीने गावातील तरुणांचे शिक्षण, कौशल्य व गरज यांची नोंद ठेवावी. अठराव्या वर्षी ग्रामसभेत मत मांडण्याचा आणि एकविसाव्या वर्षी निवडणूक लढविण्याचा अधिकार तरुणांना आहे. त्यांच्याविषयीचे निर्णय त्यांना सोबत घेऊनच व्हावेत, यातच गावाचे हित आहे.