शर्यतीच्या मोटारीतील एंजिनाचे संरक्षण

पाव मैलाची परीक्षा

अमेरिकेत ‘ड्रॅग रेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शर्यतीत दोन मोटारी शेजारीशेजारी उभ्या राहतात, दिव्यांचा इशारा होताच सुटतात आणि सरळ मार्गावर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर, कमीत कमी वेळात तोडण्याचा प्रयत्न करतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुण अशा शर्यती भर रस्त्यावर लावीत आणि स्वतःचे व इतरांचे प्राण धोक्यात घालीत. १९५० साली सँटा ॲना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५१ साली वॉली पार्क्स यांच्या पुढाकाराने ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली व या खेळास नियमांची शिस्त लाभली.

पुढे १९६४ सालच्या नमुन्यांत पाँटिॲक या कारखान्याने मध्यम आकाराच्या मोटारीत ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरांचे एंजिन बसवून ‘जीटीओ’ ही मोटार विक्रीस काढली. अशा दांडग्या मोटारींना ‘मसल कार’ असे नाव पडले. त्यांपैकी पुष्कळ मोटारींत गिअर आपोआप बदलणारी पेटी असे. त्या काळची अशी मोटार पाव मैलाचे अंतर साधारणतः चौदा-पंधरा सेकंदांत तोडते. जे एंजिन रस्त्यावर अनेक वर्षे विनातक्रार चालते, ते या चौदा सेकंदांत कायमचे निकामी होऊ शकते. असे का होते आणि ते कसे टाळता येते, याचा विचार या पाठात केला आहे.

द्रवाच्या द्वारे जाणारी शक्ती

साध्या मोटारीत एंजिन व गिअरपेटी यांच्यामध्ये क्लच असतो. स्वयंचलित पेटीत क्लचच्या जागी ‘टॉर्क कन्व्हर्टर’ नावाचे साधन असते. त्याला येथे परिवर्तक म्हणू. या कल्पनेचे मूळ जर्मन अभियंता हेर्मान फ्यॉटिंगर याने १९०५ साली जहाजांसाठी घेतलेल्या पेटंटात आहे. परिवर्तकाच्या बंद डब्यात तेल भरलेले असते. एंजिनास जोडलेले पात्यांचे चक्र ते तेल वेगाने फेकते, ते तेल समोरच्या दुसऱ्या चक्राच्या पात्यांवर आदळते आणि ते दुसरे चक्र गिअरपेटी फिरविते. दोहोंच्या मध्ये असलेले तिसरे छोटे चक्र परत येणाऱ्या तेलाची दिशा बदलून त्याचा उपयोग करून घेते. त्यामुळे मोटार सुटण्याच्या क्षणी पीळ सुमारे दुप्पट होतो.

या रचनेचा लाभ उघड आहे. एंजिन व चाके यांच्यामध्ये लोखंडाला लोखंड घट्ट जोडलेले नसल्यामुळे सुटतेवेळीचा धक्का तेलात विरतो. क्लचच्या मोटारीत जो हिसका दंतचक्रांना व एंजिनालाही बसतो, तो येथे सौम्य होतो. परंतु निसर्गात फुकट काही मिळत नाही. विरलेली शक्ती नाहीशी होत नाही. ती उष्णतेच्या रूपाने तेलातच राहते.

वाट पाहण्याची किंमत

शर्यतीच्या रेषेवर चालक एका पायाने ब्रेक दाबून धरतो व दुसऱ्याने एंजिनाचा वेग वाढवितो. चाके स्थिर असतात आणि एंजिन तेल घुसळीत असते. या अवस्थेत एंजिनाची सारी शक्ती उष्णता बनते. एक साधे गणित पाहावे. एंजिन या वेळी ७५ किलोवॅट, म्हणजे सुमारे १०० अश्वशक्ती, देत आहे व परिवर्तकात ४ किलोग्रॅम तेल आहे असे धरू. एक किलोग्रॅम तेलाचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे २ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे ४ किलोग्रॅमांस ८ किलोज्यूल. ७५ ला ८ ने भागल्यास उत्तर ९ च्या वर येते. धातूत जाणारी उष्णता सोडून दिली, तर तेल दर सेकंदास ९ अंशांनी तापते असा याचा अर्थ. दहा सेकंद असेच थांबल्यास तेल ९० अंशांनी तापेल! याच कारणाने परिवर्तकाची अशी चाचणी पाच सेकंदांहून अधिक काळ करू नये, असे दुरुस्तीची पुस्तके बजावतात.

यात एंजिनाचा संबंध काय, अशी शंका येईल. बहुतेक मोटारींत गिअरपेटीचे तेल नळीने रेडिएटरच्या टाकीत नेऊन थंड केले जाते. गिअरपेटीची उष्णता अशा रीतीने एंजिनाच्याच पाण्यात उतरते. यास्तव शर्यतीच्या मोटारीस गिअरपेटीच्या तेलासाठी वेगळा शीतक बसवितात आणि चालक रेषेवर शेवटच्या क्षणापर्यंत एंजिनाचा वेग वाढवीत नाही.

तेल कोठे जाते?

भुजादंड म्हणजे एंजिनाचा मुख्य फिरता दांडा. तो धारव्यांवर, म्हणजे बेअरिंगांवर, प्रत्यक्ष टेकलेला नसतो. दोहोंमध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर असतो व दांडा त्या थरावर तरंगतो. हा थर क्षणभर तुटला, तरी धातूवर धातू घासून धारवा वितळू लागतो.

आता मोटारीच्या वेगाचे गणित पाहू. ४०२ मीटर अंतर १४ सेकंदांत एकसारख्या प्रवेगाने तोडले असे मानल्यास प्रवेग सुमारे ४.१ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद येतो आणि शेवटी वेग ताशी दोनशे किलोमीटरांवर गेला पाहिजे. प्रत्यक्षात अशा मोटारीचा अखेरचा वेग ताशी १६० किलोमीटरांच्या आसपास असतो. यावरून प्रवेग आरंभी अधिक व पुढे कमी असतो, हे सिद्ध होते. आरंभी तो गुरुत्वाच्या प्रवेगाच्या निम्मा आहे असे धरू. अशा वेळी एंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाचा पृष्ठभाग आडवा न राहता सुमारे २७ अंशांनी मागे उचलला जातो. वेग घेत असलेल्या बसमध्ये हातातील पेल्याचे पाणी मागच्या कडेला चढते, तोच हा प्रकार होय.

तेल ओढणारे तोंड तळपात्राच्या मागील खोलगट भागात असेल, तर वेग वाढत असता ते तेलात बुडालेले राहते. परंतु अंतिम रेषा ओलांडून चालकाने जोराने ब्रेक दाबला की तेल पुढे धावते व ते तोंड उघडे पडते. त्या क्षणी एंजिन अजून वेगाने फिरत असते! शिवाय जलद फिरणारा पंप तेल वरच्या भागात चढवितो आणि ते खाली उतरण्यास वेळ लागतो. म्हणून तळपात्रात तेलास अडविणारे आडपडदे घालतात, मोठे पात्र वापरतात, तेलाची पातळी प्रत्येक फेरीपूर्वी तपासतात आणि थंड, घट्ट तेलावर एंजिन कधीही जोराने चालवीत नाहीत. दर हजार फेऱ्यांमागे किमान १० पौंड तेलदाब असावा, हा कारागिरांचा जुना अंदाज आहे. फेरीच्या वेळी दाबाचा काटा एकदम खाली येत असेल, तर पुढची फेरी धावू नये.

अवेळी होणारा भडका

सिलिंडरात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण ठिणगीने पेटते आणि ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. मिश्रण फार तापले वा फार दाबले गेले, तर ज्वाला पोहोचण्यापूर्वीच शेवटचा भाग एकदम भडकतो. त्याचे ठोके बाहेर ऐकू येतात. दाबाच्या या लाटा दट्ट्याच्या माथ्यावर हातोड्यासारख्या आदळतात. त्यामुळे ॲल्युमिनियमचा दट्ट्या झिजतो, फुटतो किंवा त्यास भोक पडते.

स्वयंचलित मोटारीत सुटतेवेळी एंजिनावर पूर्ण भार असतो पण त्याचा वेग मर्यादित असतो. ठोक्यांस हीच स्थिती अनुकूल ठरते. १९६४ सालच्या जीटीओचे संपीडन गुणोत्तर १०.७५ होते, म्हणजे मिश्रण सुमारे पावणेअकरा पट दाबले जाई. ते एंजिन त्या काळच्या शिसेयुक्त उच्च प्रतीच्या पेट्रोलासाठी रचलेले होते. अमेरिकेत १९९६ पासून रस्त्यावरील मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोलाची विक्री बंद झाली. म्हणून जुन्या मोटारीचा मालक अधिक ऑक्टेन अंकाचे पेट्रोल वापरतो, ठिणगीची वेळ किंचित उशिरा ठेवतो किंवा कमी संपीडनाचे दट्टे बसवितो. मिश्रणात पेट्रोल कमी पडत नाही ना, हेही पाहावे लागते, कारण पेट्रोल कमी पडल्यास सिलिंडरातील उष्णता वाढते व ठोक्यांचा धोकाही वाढतो. फेरीनंतर ठिणगीचे प्लग काढून त्यांच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे वा चकचकीत कण दिसले, तर ठोके झाले असे समजावे. चकचकीत कण हे दट्ट्याचेच ॲल्युमिनियम असते.

भार गेला की धोका आला

एंजिन जोर लावताना मोडते, असा सर्वसाधारण समज आहे. पुष्कळदा याच्या उलट घडते. जीटीओच्या दट्ट्याची धाव ९.५ सेंटीमीटर आहे. मिनिटास ६,००० फेऱ्या होत असता दट्ट्या सेकंदास १०० वेळा वर व १०० वेळा खाली जातो. प्रत्येक टोकाला तो थांबतो व उलट फिरतो. वरच्या टोकास त्याचा प्रवेग गुरुत्वाच्या सुमारे २,४०० पट असतो. दट्ट्याचे वजन अर्धा किलोग्रॅम धरले, तरी त्यास आवरण्यासाठी संयोगदांड्यावर सुमारे १,२०० किलोग्रॅम वजनाइतका ताण पडतो.

ज्वलनाच्या वेळी वायूचा दाब दट्ट्याला खाली ढकलतो व या ताणास विरोध करतो. परंतु जळालेला वायू बाहेर टाकण्याच्या धावेत वर असा दाब नसतो, आणि सारा ताण संयोगदांडा व त्याचे बोल्ट यांवर येतो. चालकाने पेट्रोल बंद केले, तरी एंजिनाचा वेग उतरेपर्यंत हा ताण उतरत नाही. शिवाय ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ५,००० वरून ६,००० फेऱ्यांवर गेला तर ताण ४४ टक्क्यांनी वाढतो, आणि ७,००० वर गेला तर जवळजवळ दुप्पट होतो.

म्हणून एंजिनावरील भार अचानक नाहीसा होणे ही सर्वांत धोक्याची घटना होय. चाके घसरून जागीच फिरू लागली, गिअरपेटीतील चकत्या घसरल्या किंवा पूर्ण जोरात असता दांडी चुकून ‘न्यूट्रल’ वर गेली, तर एंजिन क्षणार्धात बेफाम धावते. बोल्ट तुटला की संयोगदांडा एंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. सांडलेले तेल तापलेल्या नळ्यांवर पेट घेते, किंवा स्वतःच्या चाकांखाली येऊन मोटार घसरते. येथे प्रश्न केवळ यंत्राच्या किमतीचा राहत नाही.

यावर उपाय सोपे आहेत. ठरावीक वेगाच्या वर ठिणगी तोडणारा वेगमर्यादक बसवावा. चाके घसरताच पेट्रोलचा पाय सैल करावा. ‘न्यूट्रल’ मध्ये एंजिन गरगर फिरवून एकदम गिअर टाकण्याची खोड तर पूर्णपणे सोडावी, कारण तीत परिवर्तकाने वाचविलेला धक्का गिअरपेटीच्या पट्ट्यांना व चकत्यांना आयता दिला जातो. अंतिम रेषेनंतर मोटार वरच्या गिअरातच ठेवून पाय हळूहळू उचलावा. खालचा गिअर टाकल्यास चाकेच एंजिनाला अतिवेगाने फिरवितील.

फेरीनंतरची पाच मिनिटे

फेरी संपताच एंजिन बंद केले, तर पंप थांबतो व सिलिंडरांच्या माथ्यातील साठलेली उष्णता तेथील पाण्यास उकळविते. त्यामुळे परतीच्या वाटेवर मोटार मंद गतीने न्यावी व मग एंजिन थांबवावे. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असता उघडू नये. वातावरणाहून एक पट अधिक दाबाखाली पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. झाकण काढताच दाब जातो आणि तापलेले पाणी वाफेसह अंगावर उसळते. एंजिन पुरेसे निवल्याशिवाय दुसरी फेरी धावू नये.

सारांश, द्रव धक्का शोषतो पण उष्णता देतो. तेल प्रवेगाच्या दिशेविरुद्ध सरकते. इंधन अवेळी पेटल्यास दट्ट्या फोडते. बिनभार वेग सर्वांत घातक असतो. हे चार नियम ज्याच्या ध्यानात आहेत, त्याचे एंजिन शर्यत हरले तरी घरी परतते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ब्रेक दाबून एंजिन फिरविले असता त्याची शक्ती कोठे जाते?
२. एंजिनाचा वेग ४,००० वरून ६,००० फेऱ्यांवर गेल्यास संयोगदांड्यावरील ताण किती पट होईल?
३. पेल्यात पाणी घेऊन तो सपाट पाटावर ठेवावा व पाट एकदम पुढे ओढावा. पाणी कोणत्या कडेला चढते? पाट एकदम थांबविल्यास काय होते? तळपात्रातील तेलाशी त्याची तुलना करावी.