पेट्रोल, दोरी आणि माणूस

प्रश्न: आमची राजापूर तालुक्यात हापूसची आणि काजूची बाग आहे. गेल्या वर्षी पेट्रोलवर चालणारा ग्रास कटर घेतला. दसऱ्यानंतर बाग साफ करेपर्यंत उत्तम चालला. यंदा पावसानंतर बाहेर काढला, तर रस्सी ओढून ओढून खांदा भरून आला, पण मशीन सुरू होईना. मेकॅनिकने कार्बोरेटर साफ करून दिला. गडी म्हणतात, ऑइल थोडं जास्तच घाला म्हणजे इंजिन टिकेल. नायलॉनची दोरी सारखी तुटते म्हणून एक जण स्कूटरच्या केबलची तार लावायची म्हणतोय. मला मुळात हे समजून घ्यायचं आहे, की मोटरसायकलच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागत नाही, मग याच्यात का? आणि एवढीशी मऊ दोरी गवत कापते तरी कशी?
— एक बागायतदार, राजापूर

उत्तर: हे मशीन माणसाच्या खांद्यावर लटकतं. उतारावर, बांधावर ते हवं तसं तिरकं करावं लागतं, म्हणून त्याचं इंजिन शक्य तितकं हलकं आणि साधं ठेवलेलं असतं. मोटरसायकलच्या इंजिनाखाली ऑइलचा स्वतंत्र साठा असतो आणि तिथून ते सगळीकडे फिरतं. टू-स्ट्रोक ग्रास कटरमध्ये असा साठाच नाही. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण आधी इंजिनाच्या खालच्या भागातून जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जळतं. जाता जाता बेअरिंग आणि पिस्टन यांना वंगण मिळतं ते फक्त त्या पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचं. जुन्या बजाज चेतकसाठी पंपावर ‘टू-टी’ टाकून घेत असत, ते याच कारणाने.

नुसतं पेट्रोल घालून मशीन चालवलं, तर काही मिनिटांत पिस्टनवर चरे पडतात आणि इंजिन जाम होतं. ‘थोडं जास्तच घाला’ हा सल्लाही चुकीचा आहे. जास्तीचं ऑइल नीट जळत नाही. प्लग काळा आणि ओला होतो, सायलेन्सरच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीवर काजळी धरते, मशीनचा जोर उतरतो. प्रमाण तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच पाळा. ५०:१ म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल, ४०:१ म्हणजे २५ मिलिलिटर आणि २५:१ म्हणजे ४० मिलिलिटर. बाटलीच्या बुचाने अंदाज घेऊ नका, मापाचं भांडं ठेवा. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करून, चांगलं हलवून मगच टाकीत ओता. टाकीतच पेट्रोलवर ऑइल ओतलं, तर ते तळाशी बसतं आणि पहिली काही मिनिटं इंजिनाला चुकीचं मिश्रण मिळतं.

बाजारात फोर-स्ट्रोक ग्रास कटरही आहेत. त्यांत ऑइल घालायचं झाकण वेगळं असतं आणि टाकीत नुसतं पेट्रोल जातं. दोन्ही प्रकार एकाच बागेत असतील, तर कॅनवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा. अदलाबदल झाली तर टू-स्ट्रोकचं इंजिन हातचं जातं.

आता पावसानंतर मशीन सुरू का झालं नाही, ते पाहू. कारण बहुधा टाकीत राहिलेलं पेट्रोल हेच असणार. देशात पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हवेत पाण्याची कमतरता नसते. ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी शोषलं गेलं, की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी जातात. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. इंधन ओढून घेणारी नळी टाकीच्या तळाशी असते. म्हणजे इंजिनाला सर्वांत आधी मिळतो तो न पेटणारा आणि वंगण नसलेला थर. शिवाय इथेनॉलमुळे नळ्यांचं रबर आणि कार्बोरेटरमधला पातळ पडदा फुगतो, कडक होतो. उरलंसुरलं पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहिलेला चिकटा कार्बोरेटरची केसासारखी बारीक भोकं बुजवतो. अशा छोट्या इंजिनांच्या बऱ्याच पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के सांगितलेली असते, म्हणून तुमच्या पुस्तिकेत काय म्हटलं आहे ते विक्रेत्याकडून समजून घ्या.

उपाय सोपा आहे. महिनाभरात संपेल एवढंच मिश्रण करा. हंगाम संपला की टाकी रिकामी करा, मशीन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होईल. मग प्लग काढून सिलिंडरमध्ये टू-टी ऑइलचे चार थेंब सोडा, रस्सी हळूच दोन-तीनदा ओढा आणि प्लग परत बसवा. मशीन कोरड्या जागी, शक्यतो टांगून ठेवा. हे अर्ध्या तासाचं काम केलं, तर पुढच्या दसऱ्याला मेकॅनिककडे जावं लागणार नाही.

हंगामात रोज संध्याकाळी हवेचा फिल्टर बघा. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, कागदी असेल तर हलकेच झटका. सिलिंडरच्या पट्ट्यांत अडकलेलं गवत ब्रशने काढा, कारण हे इंजिन हवेनेच थंड होतं. प्लगच्या टोकाचा रंग विटकरी-तपकिरी असेल, तर सगळं ठीक आहे. काळा-ओला असेल तर ऑइल जास्त आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. पांढुरका असेल तर इंजिन जास्त तापतंय. दांड्याच्या खालच्या टोकाला गिअरची पेटी असते, तिच्या बाजूला एक स्क्रू असतो. साधारण २५ तास काम झालं की तो काढून ग्रीस भरा. या पेटीकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि गिअर कोरडे चालून झिजतात.

आता दोरीबद्दल. या यंत्राचा जनक जॉर्ज बॅलस हा अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा. मोटारी धुण्याच्या यंत्रातले गरगरणारे ब्रश पाहून १९७१ साली त्याला ही कल्पना सुचली. एका रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्याने त्यातून मासेमारीची नायलॉन दोरी बाहेर काढली आणि डबा वेगाने फिरवला. दोरी ताठ झाली आणि झाडाच्या बुंध्याभोवतीचं गवत उडालं.

यातलं गमक वेगाचं आहे. दोरीच्या टोकाचं वर्तुळ ४० सेंटिमीटर व्यासाचं असेल आणि ती मिनिटाला ७,००० फेरे घेत असेल, तर टोकाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या वर जातो. एवढ्या वेगाने फटका बसला की गवताच्या काडीला वाकून निसटायला वेळच मिळत नाही, ती जागच्या जागी तुटते. म्हणूनच कमी वेगात चालवलं तर गवत कापलं न जाता मशीनच्या फिरत्या डोक्याभोवती गुंडाळलं जातं. दोरीचं टोक गवताला लागेल एवढंच पुढे सरका, पूर्ण डोकं गवतात खुपसू नका. दोरी कोरडी पडली की ठिसूळ होते, म्हणून आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला, तुटण्याचं प्रमाण लक्षात येण्याइतकं कमी होईल. सांगितल्यापेक्षा जाड दोरीही लावू नका, इंजिन आणि क्लच दोन्ही तापतात.

केबलची तार मात्र कधीही लावू नका. नायलॉनचा तुकडा तुटला तर तो हलका असतो, त्याचा वेग लगेच कमी होतो. तारेचा तुकडा त्याच वेगाने सुटला, तर मांसात घुसतो. या तारेने माणूस जन्माचा अधू होऊ शकतो.

गार्ड काढून काम करण्याची पद्धतही अनेक ठिकाणी दिसते. गार्डला आतून छोटं पातं असतं, ते दोरी ठरावीक लांबीवर कापतं. गार्ड गेला की दोरी वाजवीपेक्षा लांब होते, इंजिनावर भार येतो आणि दगड सरळ पायावर येतात.

करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरी काढायला पातं लावावं लागतं. बहुतेक मशीनमध्ये वरून पाहिलं तर पातं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. त्याचा समोरचा उजवा भाग, घड्याळात बारा ते तीनच्या मधला, खोडाला किंवा चिऱ्याला लागला, तर मशीन जोराचा झटका देऊन उजवीकडे फेकलं जातं. म्हणून डाव्या भागाने, उजवीकडून डावीकडे झोत घेत कापा. गडग्याजवळ पातं नेऊच नका, तिथे दोरी लावा. पात्याची नट उलट्या आट्यांची असते, ती सोडवताना घड्याळाच्या दिशेने फिरवायची. त्याआधी मशीन बंद करून प्लगची टोपी काढा. कलमांच्या बुंध्याभोवती हातभर जागा कोयत्याने किंवा हाताने साफ करा. दोरीने कोवळ्या खोडाची साल सभोवार सोलली गेली, तर ते कलम वाळतं.

कातळावर जांभ्याचे खडे सुटे असतात. त्यामुळे चालवणाऱ्यापासून १५ मीटरच्या आत कुणीही असू नये, मुलं आणि गुरं तर नाहीच. कुणी जवळ आलं की मशीन आधी बंद, बोलणं नंतर. चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर जाळीची झडप आणि तिच्या आत डोळ्यांचा चष्मा हवा, कारण बारीक कण जाळीतून आत येतात. कानात बोंडं, अंगात लांब पँट, पायात गमबूट असावेत. आपल्याकडे गवतात फुरसं असतं, हे विसरून चालत नाही. हातांना सतत हादरे बसतात, त्याने बोटं बधिर व्हायला लागतात, म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने विश्रांती घ्या आणि माणसं आलटून पालटून लावा.

पेट्रोल भरताना मशीन बंद करून दहा मिनिटं थंड होऊ द्या. सांडलेलं पुसा, आणि भरलेल्या जागेपासून तीन-चार मीटर दूर जाऊन मगच सुरू करा. तापलेला सायलेन्सर वाळक्या गवतावर टेकवू नका. जानेवारीनंतर एवढ्यानेही वणवा लागतो आणि शेजाऱ्याच्या बागेसकट सगळं जळतं. बंद पडवीत किंवा खोलीत मशीन तपासायलाही चालू करू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हलकेपणासाठी या यंत्रात ना तेलाचा साठा ठेवला आहे, ना चालवणाऱ्यासाठी एका गार्डपलीकडे काही संरक्षण. ऑइल आणि संरक्षण, दोन्ही मालकाने बाहेरून द्यायचं असतं. आपल्या बागांत मशीन मालकाचं असतं आणि चालवणारा रोजावर येतो. बऱ्याचदा तो हाफ पँटवर, डोळ्यांवर काही न घालता दिवसभर काम करतो, कारण ते सामान त्याला परवडत नाही. जाळी, चष्मा, गमबूट आणि कानाची बोंडं या सगळ्यांचा खर्च मशीनच्या किमतीपुढे थोडा आहे. ते सामान मशीनबरोबरच विकत घ्या, मशीनच्याच खुंटीवर टांगा आणि ते घातल्याशिवाय रस्सी ओढायची नाही, असा बागेचा नियम करा. तार लावू म्हणणाऱ्या तुमच्या माणसालाही तिचा धोका शांतपणे समजावून सांगा. त्याची अडचण दोरी तुटण्याची आहे, ती भिजवलेल्या दोरीने सुटेल.